स्प्रिंगबॉक्स: जिंकण्याचं गणित आणि हरण्याच्या जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ, म्हणजेच स्प्रिंगबॉक्स, चार वेळा विश्वविजेता कसा झाला, त्याची खरी ताकद कशात आहे, आणि इतका तगडा संघ मधूनच जपान-इटलीसारख्यांकडून कसा हरतो?

‘आडदांड आहेत म्हणून जिंकतात’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. ते अर्धंच खरं. आडदांड गडी इंग्लंडकडे आहेत, फ्रान्सकडे आहेत, टोंगा-सामोआकडे तर आहेतच. दक्षिण आफ्रिकेने अंगातल्या जोरातून पेनल्टी आणि पेनल्टीतून गुण काढण्याची घडी पक्की बसवली आहे. त्यांचे कच्चे दुवेही याच घडीत आहेत, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच बघाव्या लागतात.

आधी गुणांची पद्धत, नव्याने बघणाऱ्यांसाठी. ट्राय (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) म्हणजे ५ गुण, त्यानंतरची कन्व्हर्जन किक २, पेनल्टी किक (समोरच्याच्या चुकीवर मिळणारी) ३, ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडू टाकून, उसळताच मारलेला) ३. आता त्यांचे चार अंतिम सामने घ्या. १९९५ मध्ये न्यूझीलंडवर १५-१२, २००७ मध्ये इंग्लंडवर १५-६, २०१९ मध्ये पुन्हा इंग्लंडवर ३२-१२ आणि २०२३ मध्ये न्यूझीलंडवर १२-११. चार सामन्यांत मिळून ७४ गुण. त्यातले ६० पेनल्टी आणि ड्रॉप गोलचे. ट्राय किती? फक्त दोन, मपिंपी आणि कोल्बेचे, दोन्ही २०१९ च्या अंतिम सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत. आणि चार अंतिम सामन्यांत त्यांच्यावर झालेला ट्राय किती? एकच, २०२३ मध्ये बोडन बॅरेटचा. हे आकडे डोक्यात ठेवले की पुढचं सगळं उलगडत जातं.

इतिहास भराभर सांगतो. वर्णद्वेषी राजवटीवरच्या बहिष्कारामुळे १९८७ आणि १९९१ चे पहिले दोन विश्वचषक त्यांना खेळताच आले नाहीत. १९९५ ला यजमान म्हणून पदार्पण केलं आणि तिथेच जिंकले. जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर ८० मिनिटांनंतर ९-९ अशी बरोबरी होती. जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलने निकाल लागला. फ्रांस्वा पिनारचा ६ नंबरचा जर्सी घालून आलेले नेल्सन मंडेला सगळ्यांना आठवतात. बचावाच्या दृष्टीने मोठी गोष्ट मात्र वेगळीच होती. उपांत्य सामन्यात इंग्लंडवर चार ट्राय लादणाऱ्या जोना लोमूला त्या दिवशी एकही ट्राय मिळाला नाही. पुढेही कसोटी सामन्यांत त्याला स्प्रिंगबॉक्सविरुद्ध ट्राय कधीच करता आला नाही.

१९९९ ला उपांत्यपूर्व सामन्यात यानी डी बिअरने इंग्लंडविरुद्ध पाच ड्रॉप गोल मारले; उपांत्य सामन्यात मात्र ऑस्ट्रेलियाच्या लार्कमच्या ड्रॉप गोलने त्यांचाच घात केला. २००३ आणि २०११ ला उपांत्यपूर्व फेरीतच गारद. २००७ ला जेक व्हाइट प्रशिक्षक, जॉन स्मिट कर्णधार, ब्रायन हबानाचे स्पर्धेत आठ ट्राय, आणि अंतिम सामन्यात व्हिक्टर मॅटफील्डने इंग्लंडच्या लाइनआउटचं (चेंडू रेषेबाहेर गेल्यावर तो दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करणं) वाटोळं केलं. २०१५ ला जपानकडून हार पत्करूनही तिसरे आले. २०१९ ला रासी इरॅस्मस प्रशिक्षक आणि सिया कोलिसी कर्णधार. गटातला एक सामना, न्यूझीलंडविरुद्धचा, हरूनही विश्वचषक जिंकणारा तो पहिलाच संघ. २०२३ ला जाक निनाबर मुख्य प्रशिक्षक होते. गटात आयर्लंडकडून ८-१३ असा पराभव, आणि मग उपांत्यपूर्व, उपांत्य व अंतिम असे तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले: फ्रान्सवर २९-२८, इंग्लंडवर १६-१५, न्यूझीलंडवर १२-११. म्हणजे आठ विश्वचषक खेळले, चार जिंकले.

दक्षिण गोलार्धातल्या वार्षिक स्पर्धेत (आधी ट्राय नेशन्स, अर्जेंटिना आल्यावर रग्बी चॅम्पियनशिप) चित्र वेगळं आहे. १९९८, २००४, २००९, २०१९, २०२४, २०२५ अशी सहा जेतेपदं, न्यूझीलंडची वीस. या तफावतीला कारण आहे. साखळी स्पर्धेत दर आठवड्याला लांबचा प्रवास, ट्रायच्या फरकावर बोनस गुण, आणि आक्रमण सतत धारदार ठेवावं लागतं. बाद फेरीत एका गुणाने जिंकलं तरी भागतं. स्प्रिंगबॉक्स हा मुळात बाद फेरीचा संघ आहे. २०२४ आणि २०२५ ही लागोपाठची दोन जेतेपदं म्हणूनच महत्त्वाची: अशी जोडी त्यांना आधी कधी साधली नव्हती, आणि ती आक्रमणाची पद्धत बदलल्यावर साधली.

स्क्रम: इथेच सगळं सुरू होतं

स्क्रम म्हणजे छोट्या चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करताना दोन्हीकडून आठ-आठ जण (हे फॉरवर्ड; मागचे सात ते बॅक) एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात. पहिल्या ओळीत डावीकडे लूजहेड प्रॉप (१), मध्ये हुकर (२), उजवीकडे टाइटहेड प्रॉप (३). मागे दोन लॉक (४, ५), कडेला फ्लँकर (६, ७) आणि शेवटी नंबर एट (८). एक गोंधळ इथेच दूर करतो: बहुतेक देशांत ७ नंबर म्हणजे ओपनसाइड फ्लँकर, दक्षिण आफ्रिकेत मात्र ओपनसाइड ६ आणि ब्लाइंडसाइड ७. म्हणून कोलिसी ६ घालतो आणि पीटर-स्टेफ ड्यू टॉइट ७. आकडे बघून भूमिका ठरवायला गेलात तर फसाल.

आफ्रिकेच्या आठ जणांचं वजन नऊशे किलोच्या वर जातं, पण नुसत्या वजनाने स्क्रम हलत नाही. कंबर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली, पाठ सपाट, पाय इतके मागे की गुडघा जवळजवळ काटकोनात, आणि चेंडू आत पडताच आठही जणांचा एकाच क्षणी रेटा. मागच्या लॉकचा खांदा प्रॉपच्या मांडीच्या वरच्या भागाला नीट टेकला नसेल तर मागच्या पाच जणांचा जोर हवेत जातो. सगळ्यात कठीण जागा टाइटहेडची. त्याचं डोकं प्रतिस्पर्धी लूजहेड आणि हुकर यांच्या मधोमध असतं, त्यामुळे दोन्ही खांद्यांवर भार येतो. टाइटहेड वाकला की अख्खा स्क्रम वाकला. २०१९ च्या अंतिम सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर जखमी होऊन बाहेर गेला आणि डॅन कोलला उरलेला जवळजवळ पूर्ण सामना खेळावा लागला. समोर आफ्रिकेचा लूजहेड टेंडाई ‘बीस्ट’ मटावरिरा. पुढचा अर्धा-पाऊण तास स्क्रममागून स्क्रम पेनल्टी पडत गेली आणि आफ्रिकेचा किकर हँड्रे पोलार्ड तीन-तीन गुण उचलत गेला.

रेफरी पेनल्टी कशावर देतो हे कळलं की हे सामने बघायला मजा येते. कोणाचा गुडघा किंवा कोपर आधी जमिनीला लागतो, कोण सरळ ढकलायचं सोडून आत वळतो, आणि कोण दाब सहन न होऊन वर उठतो, एवढ्या तीन गोष्टी. चांगला प्रॉप समोरच्याला यातली एखादी चूक करायला भाग पाडतो. आफ्रिकेचा ऑक्स न्चे हा त्यातला उस्ताद. २०२३ च्या उपांत्य सामन्यात इंग्लंड १५-६ ने पुढे होतं, पाऊस होता, आणि आफ्रिकेला ट्रायच्या जवळपासही जाता येत नव्हतं. शेवटच्या पंधरा मिनिटांत न्चेच्या बाजूने स्क्रम पुढे सरकायला लागला. एका पेनल्टीतून लाइनआउट आणि आर. जी. स्नायमनचा ट्राय आला. ७७ व्या मिनिटाच्या सुमारास स्क्रममध्ये आणखी एक पेनल्टी मिळाली आणि पोलार्डने ती जवळजवळ ५० मीटरवरून मारली. नोव्हेंबर २०२५ मध्ये डब्लिनला आयर्लंडचे याच पद्धतीने हाल झाले: स्क्रममधल्या चुकांवर यलो कार्ड (दहा मिनिटं मैदानाबाहेर), वर पेनल्टी ट्राय, शेवटी २४-१३.

स्क्रमची पेनल्टी मिळाली की दोन वाटा. अंतर जमणारं असेल तर थेट गोलवर, ३ गुण. नाहीतर चेंडू लाथेने रेषेबाहेर, प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपासून पाच मीटरवर. पेनल्टीतून बाहेर मारलेल्या चेंडूचा थ्रोही मारणाऱ्या संघालाच मिळतो, हा नियम इथे कळीचा. मग लाइनआउट, उंच लॉक चेंडू झेलतो, खाली येता येताच त्याच्याभोवती फॉरवर्ड्सची गाठ बांधली जाते आणि चेंडू हातोहात शेवटच्या माणसाकडे, बहुतेकदा हुकरकडे. हा मॉल. बचाव करणाऱ्यांनी तो मुद्दाम पाडला तर पेनल्टी, गोलरेषेजवळ ट्राय होता होता पाडला तर पेनल्टी ट्राय (सरळ ७ गुण) आणि बहुधा यलो कार्डही. हुकर माल्कम मार्क्सच्या नावावरचे कितीतरी ट्राय असे मॉलच्या शेपटातून आलेले आहेत. २०२५ चा जागतिक सर्वोत्तम खेळाडू तो ठरला; हुकरला हा मान सहसा मिळत नाही.

स्क्रमवर त्यांचा इतका भरवसा आहे की ते तो ओढून आणतात. २०२३ ला फ्रान्सविरुद्ध डेमियन विलेम्सेने स्वतःच्या २२ मीटरच्या आत मार्क झेलला (समोरच्याची लाथ थेट हवेत झेलून ‘मार्क’ म्हटलं की फ्री किक मिळते) आणि किक मारायची सोडून स्क्रम मागितला. पुढच्या वर्षी जुलैपासून नियमच बदलला, फ्री किकवर स्क्रम निवडण्याची सोय गेली. तर जुलै २०२५ मध्ये गेबेखा (पूर्वीचं पोर्ट एलिझाबेथ) इथे इटलीविरुद्ध त्यांनी किक-ऑफच मुद्दाम दहा मीटरच्या आत टाकली, जेणेकरून पहिल्याच मिनिटाला स्क्रम व्हावा. त्याच सामन्यात मोकळ्या खेळात, लाइनआउट नसताना, मैदानाच्या मध्यावर एकाला उचलून त्याच्या हाती चेंडू देऊन मॉल उभा केला. नियमात बसतं ते. नियमांचं पुस्तक सगळेच वाचतात, पण इरॅस्मस ते वकिलासारखं वाचतो.

बेंच: पंधरांचा नव्हे, तेविसांचा संघ

संघात १५ खेळणारे आणि ८ राखीव. राखीवांत पहिल्या ओळीचे तीन (हुकर आणि दोन प्रॉप) सक्तीचे, बाकी पाच कुणीही. बहुतेक संघ पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक ठेवतात. इरॅस्मसने २०१९ ला ६-२ चं धोरण घेतलं, ‘बॉम्ब स्क्वॉड’ हे नाव तेव्हाचं. ऑगस्ट २०२३ मध्ये ट्विकनहॅमला न्यूझीलंडविरुद्ध ऐनवेळी विली ल रूला बाहेर बसावं लागलं आणि त्याच्या जागी बॅकऐवजी क्वागा स्मिथ हा फॉरवर्ड बेंचवर आला. ७-१ झालं, निकाल ३५-७ लागला, आणि मग विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही तेच वापरलं.

यामागचं शरीरशास्त्र साधं आहे. पहिल्या पाचांची (प्रॉप, हुकर, लॉक) स्क्रममधली ताकद पन्नासाव्या मिनिटानंतर झपाट्याने उतरते. प्रत्येक स्क्रम, प्रत्येक मॉल पायांतला जोर खातो. समोरचा थकला असताना तुमच्याकडे ताजी पहिली ओळ असेल तर वीस मिनिटं तुम्ही वेगळ्याच संघाशी खेळता. बदल एकेक करून केले तर नव्या-जुन्यांची पकड जुळायला वेळ लागतो, म्हणून ते पहिली ओळ बहुधा एकदम किंवा लागोपाठ बदलतात, ४५ ते ५५ मिनिटांच्या दरम्यान. आणि त्यांचे राखीव खेळाडू दुय्यम नसतात. २०१९ ला मार्क्स आणि स्नायमन बेंचवर होते, ते इतर कुठल्याही देशाच्या पहिल्या पंधरांत बसले असते.

संघ जाहीर होतो तेव्हा १६ ते २३ हे नंबर बघा. २१, २२, २३ तिन्ही बॅक असतील तर ५-३. फक्त २२ आणि २३ बॅक असतील तर ६-२. एकटा २३ च बॅक असेल तर ७-१, आणि त्या दिवशी आफ्रिकेचा बेत काय आहे हे कळण्यासाठी पुढचं काही वाचायची गरज नाही.

बचाव

त्यांच्या बचावाला रश डिफेन्स म्हणतात. रांगेत थांबून वाट न बघता चेंडू निघताच पुढे झेपावायचं, आणि खासियत अशी की बाहेरच्या टोकाचे, म्हणजे विंगर आणि बाहेरचा सेंटर, आतल्यांपेक्षा पुढे येतात. कबड्डीत कोपरारक्षक चढाई करणाऱ्याची परतीची वाट तोडत आत येतो, तसंच. चेंडू घेतलेल्याला कडेची मोकळी जागा दिसते, पण तिथे पास पोचायच्या आत मध्ये माणूस आलेला असतो. मग तो आत वळतो, आणि आत ड्यू टॉइट असतो. २०२३ च्या अंतिम सामन्यात ड्यू टॉइटने २८ टॅकल (चेंडूवाल्याला पकडून पाडणं) केले. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन पहिल्या अर्ध्या तासातच रेड कार्डवर गेला होता हे खरं, पण दुसऱ्या सत्रात कोलिसी आणि कोल्बे दोघांनाही यलो कार्ड मिळाली होती, आणि शेवटची काही मिनिटं १४ विरुद्ध १४ अशीच होती. त्या काळात क्वागा स्मिथने रकमधून (पाडलेल्या खेळाडूवर चेंडूसाठी होणारी झटापट) काढलेले चेंडू मला पोलार्डच्या चार पेनल्टींइतकेच मोलाचे वाटतात.

लाथेच्या खेळाबद्दल थोडक्यात. रकच्या मागून स्क्रमहाफ (फॉरवर्ड्सकडून चेंडू घेऊन बॅककडे देणारा) उंच बॉक्स किक मारतो. ती साधारण २५ मीटर जावी आणि चार सेकंद हवेत राहावी, म्हणजे पाठलाग करणारा विंगर चेंडूबरोबरच खाली पोचतो. कमी उंच गेली तर समोरच्याला आयता चेंडू, जास्त लांब गेली तरी तेच. पूर्वी बचावपटू झेलणाऱ्याच्या पुढे भिंत करून पाठलाग अडवायचे. २०२४ च्या अखेरीपासून रेफरींनी ते बंद केल्यावर हवेतली झुंज खरी झुंज झाली. त्याचा फायदा आफ्रिकेला होतो, तसा कधी समोरच्यालाही. सप्टेंबर २०२५ ला ऑकलंडच्या ईडन पार्कवर न्यूझीलंडने सुरुवातीच्या काही मिनिटांतच मोठी आघाडी घेतली, ती शेवटपर्यंत भरून निघाली नाही, २४-१७. त्या मैदानावर स्प्रिंगबॉक्स १९३७ नंतर जिंकलेले नाहीत.

आठवडाभराने वेलिंग्टनला त्याच न्यूझीलंडला ४३-१०. ऑल ब्लॅक्सच्या, म्हणजे न्यूझीलंड संघाच्या, इतिहासातला तो सगळ्यात मोठा पराभव. इथे नवी आफ्रिका दिसली. २०२४ पासून न्यूझीलंडचाच माजी फ्लायहाफ (बॅकचा खेळ चालवणारा, १० नंबर) टोनी ब्राउन त्यांचं आक्रमण बघतो. पुढे फॉरवर्ड्सची एक फळी, तिच्या पाठीमागून दुसऱ्या फळीकडे पास, आणि चेंडू कडेला नेण्याची घाई. त्यासाठी साशा फाइनबर्ग-म्गोमेझुलू हा फ्लायहाफ मिळाला. डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध ६७-३० च्या विजयात एकट्याचे ३७ गुण. आंद्रे एस्टरहेझन मूळचा सेंटर, पण त्याला फ्लँकर म्हणूनही उतरवतात. अशा दुहेरी माणसांमुळे ७-१ मधला ‘एकच बॅक’ हा धोका थोडा कमी होतो.

कच्चे दुवे

पहिला: किकर. वर सांगितलेलं ६० गुणांचं गणित गोलवर मारणाऱ्याच्या पायावर उभं आहे. २०२३ ला आयर्लंडविरुद्ध गटात मानी लिबॉक आणि फाफ डी क्लेर्क यांनी मिळून ११ गुणांच्या किक वाया घालवल्या आणि सामना पाच गुणांनी गेला. त्या सुमारास हुकर मार्क्सचा गुडघा दुखावला, तर त्याच्या जागी संघात घेतला कोण? हुकर नव्हे, पोलार्ड. निर्णय बरोबर होता, पण त्याची किंमत अंतिम सामन्यात चुकवावी लागली. तिसऱ्याच मिनिटाला बाँगी म्बोनाम्बी जखमी झाला आणि उरलेल्या सामन्यात डिऑन फुरी, जो तेव्हा बहुतेकदा फ्लँकर खेळायचा, त्याला हुकर म्हणून उभं राहावं लागलं. लाइनआउटचा थ्रो म्हणजे पाच मीटर किंवा त्याहून लांबून, तीन-साडेतीन मीटर उंचीवर, उडी मारणाऱ्याच्या हातात अचूक क्षणी चेंडू ठेवणं. रोजचा सराव नसेल तर तो अर्धा मीटर इकडे तिकडे जातोच. लाइनआउट डळमळीत झाला आणि मॉल हे हत्यार बोथट झालं. म्हणूनच दुसऱ्या सत्रात आफ्रिकेला एकही गुण मिळाला नाही. १२-११ हा निकाल अगदी काठावरचा होता: न्यूझीलंडच्या मोउंगाची कन्व्हर्जन हुकली, जॉर्डी बॅरेटची लांब पल्ल्याची पेनल्टी हुकली.

दुसरा: रश डिफेन्सच्या पाठीमागची जागा. सगळे पुढे धावतात तेव्हा मागे आणि कडेला मैदान रिकामं पडतं. त्यावर उतारा तीन प्रकारचा. फ्लायहाफने विंगरच्या डोक्यावरून आडवी किक टाकायची. दोन माणसं सोडून थेट लांब पास द्यायचा. किंवा पहिल्या पासवरच चेंडू परत आत घेऊन पुढे आलेल्याच्या पाठीमागून जायचं. तिन्हीसाठी रकमधून चेंडू तीन सेकंदांच्या आत बाहेर यायला हवा. चेंडू उशिरा आला की रांग पुन्हा लागलेली असते आणि हीच आडवी किक त्यांच्या हातात आयती पडते. बहुतेक संघ इथेच चुकतात: उतारा माहीत असतो, वेग नसतो.

तिसरा दुवा नवा आहे आणि तो ब्राउनच्या पद्धतीबरोबर आला. चेंडू कडेला नेला की रकपाशी मदतीला पोचणारे फॉरवर्ड उशिरा येतात, आणि चेंडू चोरीला जातो. १६ ऑगस्ट २०२५, एलिस पार्क. अठरा मिनिटांत २२-० अशी आघाडी. तिथून ऑस्ट्रेलियाने सलग ३८ गुण केले. फ्रेझर मॅकराइट रकवर चेंडू ओरबाडत होता, आफ्रिका गडबडीत लांब पास टाकत होती, आणि मध्येच पास हेरून ट्राय होत होते. समुद्रसपाटीपासून साधारण १,७५० मीटर उंचीवर पाहुणे शेवटी दमतात असा एलिस पार्कचा लौकिक. त्या दिवशी दमले ते यजमान. ऑस्ट्रेलिया तिथे १९६३ नंतर प्रथमच जिंकली.

चौथा: शिस्त. नोव्हेंबर २०२५ च्या युरोप दौऱ्यात तीन रेड कार्ड: फ्रान्सविरुद्ध लूड डी याखर, इटलीविरुद्ध फ्रँको मोस्टर्ट (हे पुढे सुनावणीत रद्द झालं) आणि वेल्सविरुद्ध एबेन एट्झेबेथ. तिन्ही सामने जिंकले, पॅरिसमध्ये तर उत्तरार्धभर १४ जणांनी खेळून ३२-१७. पण तिथे मोल काय द्यावं लागलं बघा: स्क्रममध्ये माणूस कमी पडू नये म्हणून कोलिसीला, त्याच्या शंभराव्या कसोटीत, मध्यंतरालाच बाहेर बसवलं. विश्वचषकाच्या बाद फेरीत हे दर वेळी पचेलच असं नाही.

पाचवा दुवा म्हणजे त्यांना झगडायला लावण्याऐवजी पळायला लावणारा प्रतिस्पर्धी. २०१५ ला ब्रायटनमध्ये जपानने ३४-३२ असं हरवलं ते असंच: गुडघ्याच्या खाली टॅकल, रकमधून झटपट चेंडू, आणि शेवटच्या मिनिटाला बरोबरीची पेनल्टी मिळत असताना ती नाकारून ट्रायसाठी जाणं. २०१६ ची इटलीकडून फ्लॉरेन्समधली १८-२० ही हार मात्र वेगळ्या खात्यातली. तेव्हा संघाचीच घडी विस्कटलेली होती. त्याच काळात न्यूझीलंडकडून ०-५७ आणि आयर्लंडकडून ३-३८ असेही दारुण पराभव झाले. त्याचं खापर एखाद्या डावपेचावर फोडण्यात अर्थ नाही. निवड, तंदुरुस्ती, परदेशात खेळणाऱ्यांबाबतचं धोरण, सगळंच बिनसलं होतं. २०१८ ला इरॅस्मसने संघ हाती घेतल्यावर परदेशातल्या क्लबांत खेळणाऱ्यांना दार मोकळं झालं आणि कोलिसी पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाला.

आणि एक गोष्ट, जिला दुवा म्हणावं की सवय, कळत नाही. आघाडी असताना ते सामना मारून टाकत नाहीत. जुलै २०२४ ला डर्बनमध्ये आयर्लंडविरुद्ध पोलार्डने आठ पेनल्टी मारल्या, २४ गुण, ट्राय शून्य. शेवटच्या दहा मिनिटांत किअरन फ्रॉलीने दोन ड्रॉप गोल मारले, दुसरा अगदी शेवटच्या क्षणी, आणि आयर्लंड २५-२४ ने जिंकलं. तीन-तीन गुणांवर जगणाऱ्याला तीन गुणांनीच मारता येतं.

पुढचा सामना बघायला बसाल तेव्हा पहिले दोन स्क्रम नीट बघा: रेफरीचा हात कोणाच्या बाजूने वर जातो, त्यावर पुढचा तास बराचसा ठरतो. मग त्यांचा पहिला लाइनआउट. मार्क्सच्या ऐवजी दुसरा कोणी थ्रो करत असेल तर जास्तच लक्ष द्या. ५० व्या मिनिटाला गुणफलक बघा: आफ्रिका सात किंवा त्याहून कमी गुणांनी मागे असेल तर तो सामना त्यांच्याच हातात आहे असं धरून चाला, पंधराने मागे असेल तर त्यांना पेनल्टी सोडून ट्रायमागे पळावं लागतं, आणि तेव्हाच रकवरचे चेंडू जातात. वेळेचं म्हणाल तर दक्षिण आफ्रिका आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणून तिथला संध्याकाळी पाचचा सामना आपल्याकडे रात्री साडेआठला लागतो. न्यूझीलंडमधला संध्याकाळचा सामना दुपारी साडेबाराच्या आसपास. २०२७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात, २४ संघांचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आफ्रिकेच्या गटात इटली, जॉर्जिया आणि रोमानिया आहेत. त्यातला जॉर्जियाचा सामना चुकवू नका. स्क्रममध्ये आफ्रिकेला उत्तर देऊ शकणारे प्रॉप त्या छोट्या देशात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आलेत.